पेशीला रंग नसतो

लग्नकार्यात ओळखी निघतात. कोणी बँकेत असतं, कोणी एसटीत, कोणी जिल्हा परिषदेत. माझ्यावर पाळी आली की मी सांगते, "मी पेशी बनवायचे." समोरचा माणूस क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतो, "अरे वा" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो. इतक्या वर्षांत एकानेही पुढचा प्रश्न विचारला नाही. तेव्हा न विचारताच सांगते.

सिल्वासाला लागून सामरवरणीत, सुताच्या एका मोठ्या कारखान्याच्या पाठीमागे आमची पत्र्याची शेड होती. तिथे शाळा-कॉलेजांना लागणारी जीवशास्त्राची मॉडेलं बनायची. कान, डोळा, दात, हृदय, फुलाचा उभा छेद. पण आमचा हुकमी माल म्हणजे पेशी. तुमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटावर एक पाटाएवढी वस्तू असेल, अर्धी कापलेली, आत रंगीबेरंगी गोळे आणि घड्या. मुलांनी हात लावू नये म्हणून बाई तिला उंचावर ठेवायच्या. ती आमची असण्याची शक्यता बरीच आहे. पुस्तकातलं चित्र सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांनी काढलेलं असतं, आणि त्या चित्राला हातात धरता येईल असं करणारे आम्ही. त्या वस्तूला 'फायबरची पेशी' म्हणायचे. माझं नाव तिच्यावर कुठेही नसायचं, पण केंद्रकाचा जांभळा रंग मी घोटलेला असायचा.

काम कसं चालायचं ते थोडक्यात सांगते. आधी मातीचा मूळ नमुना, मग त्यावरून साचा. साच्यात काचधाग्याची जाळी अंथरून रेझिन ओतायचं. वाळलं की काढायचं, कडा कापायच्या, पॉलिशपेपरने घासायचं, प्रायमर द्यायचा आणि मग ते आमच्या टेबलावर यायचं. साचेखातं पुरुषांचं, रंगखातं बायकांचं. आम्ही रंग द्यायचो, बारीक आकडे लिहायचो आणि सर्वांत शेवटी चकाकीसाठी लॅकरचे हात मारायचो. लॅकर हा आमच्या शेडचा धर्म होता. मालक हसमुखभाई तयार मॉडेलावरून डोळे मिटून तळहात फिरवायचे. तळहात कुठे अडला तर मॉडेल परत. "हाथ सरकवो जोईए, सुमनबेन," म्हणायचे. हात सरकला पाहिजे. आरशासारखं चकचकीत होईपर्यंत माल गेटबाहेर जात नसे, आणि आम्हाला त्याचा गर्व होता. तो गर्व पुढे आम्हाला नडला, ते येईलच.

मी मूळची अमळनेरची. नवरा सुताच्या कारखान्यात फिटर, म्हणून इकडे आले. बारावीपर्यंत शास्त्र शाखा केली होती, तेवढ्यावर शेठनी मला रंगखात्याची सुपरवायझर केलं. खरं सांगायचं तर बारावीतली पेशी मी पाठ केली होती, समजली नव्हती. ती समजली देवधर सरांमुळे.

देवधर सर पुण्याच्या एका कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मुलगा इथे इंजिनीअर, म्हणून डोकमर्डीला त्याच्या फ्लॅटवर राहायला आले होते. ओळखीचं कोणी नाही, बोलायला कोणी नाही. फिरत फिरत एकदा शेडमध्ये शिरले. आमच्या टेबलापाशी थांबून त्यांनी एकीला विचारलं, "हे काय रंगवताय?"

"सात नंबर," ती म्हणाली.

"काय काम करतो हा सात नंबर?"

"लाल असतो."

सर तिथल्याच एका स्टुलावर बसले. जरा वेळाने उठून शेठकडे गेले आणि म्हणाले, मी दर शनिवारी येत जाईन, मला काही नको, फक्त चहा पाजा. फुकट प्रोफेसर मिळतोय म्हटल्यावर शेठ कशाला नको म्हणतील? त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये एक नवा नियम लागू झाला. जे काय करतं ते ठाऊक नाही, ते रंगवायचं नाही.

सरांची शिकवण्याची पद्धत अशी की ते आमच्याच कामातून सुरुवात करायचे. "पेशी म्हणजे कारखाना, हे कोणीही सांगेल. पण केंद्रक म्हणजे शेठ, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. केंद्रक म्हणजे तुमची मूळ साच्यांची खोली. मूळ साचा कधी बाहेर नेता का?"

"शेठ जीव घेतील!"

"हां. पेशीतही तसंच. मूळ साचा आतच राहतो, त्याची नक्कल तेवढी बाहेर जाते. बाहेर हे बारके ठिपके बसलेत ना, हे रायबोझोम. ते नकलेवरून माल ओततात. माल म्हणजे प्रथिनं."

मग आंतर्द्रव्यजालिका. हे नाव ऐकून आमच्यातल्या निम्म्या जणींनी रंगाचे ब्रश खाली ठेवले होते. सर म्हणाले, "घाबरू नका, नुसत्या घड्या आहेत. एक खडबडीत, तिच्यावर रायबोझोम बसतात आणि त्यांनी केलेला माल आत घेऊन तिथे नीट घडी घातली जाते. दुसरी गुळगुळीत. तिच्यावर कोणी बसत नाही. ती स्निग्ध पदार्थ बनवते आणि अंगात गेलेलं विष निकामी करते." त्यापुढे गॉल्गी पिंड, म्हणजे आमचं डिस्पॅच. माल बांधायचा, पत्ता घालायचा, पाठवायचा. लयकारिका म्हणजे भंगारवाला. मोडकं, जुनं, आत घुसलेलं नको ते सगळं विरघळवून पुन्हा कामाला लावणारा. रिक्तिका म्हणजे साठवणीची पिंपं, झाडाच्या पेशीत तर एवढं मोठं पिंप की बाकीच्यांना भिंतीला चिकटून राहावं लागतं. झाडाला बाहेरून पेशीभित्तिकेची जाड भिंत आणि आत हरितलवक, जे उन्हातून अन्न बनवतं. आणि सगळ्यांना वेढून पेशीपटल. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे तेच ठरवतं.

आणि सात नंबर, तंतुकणिका. अन्न जाळून पेशीला लागणारी शक्ती देणारी. सरांनी सांगितलं की प्रत्येकाच्या अंगातल्या तंतुकणिका आईकडून आलेल्या असतात, बापाकडून नाहीत. मग खिडकीजवळून मंदाचा आवाज आला, "म्हणजे जोर सगळा माहेरना!"

शेडचा पत्रा हादरेल इतक्या आम्ही हसलो. सरही चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यानंतर आमच्या टेबलावर तंतुकणिकेला कोणी सात नंबर म्हटलं नाही. तिचं नावच 'माहेर' पडलं.

मंदा शहाद्याकडची. नवरा गावीच राहिला आणि ही दोन मुलांना घेऊन एकटी सिल्वासाला आली, खोली घेऊन राहिली. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. तिची जागा खिडकीजवळची. केंद्रकाभोवतीची केसाएवढी रेघ एका दमात ओढणारी तिच्यासारखी दुसरी बाई मी पाहिली नाही. माझ्याशी अहिराणीत बोलायची, कारण शेडमध्ये ती भाषा कळणारी मी एकटीच. बाकी सगळा कारभार गुजराती-हिंदी-मराठीच्या खिचडीत.

गिऱ्हाइकांचे किस्से तर किती सांगू. एका संस्थेच्या अध्यक्षांनी प्रयोगशाळेला पेशी देणगी दिली आणि अट घातली की कै. वडिलांचं नाव मॉडेलावर 'मध्यभागी, ठळक' हवं. मध्यभागी केंद्रक. आम्ही पितळी पट्टी पायथ्याला लावतो म्हटलं, पण ऐकेनात. शेवटी केंद्रकावर नाव घातलं. सर म्हणाले, "हरकत नाही, वडिलांकडून आलेला निम्मा वाटा तिथेच असतो." एका दवाखान्याने तांबड्या रक्तपेशीचं मोठं मॉडेल मागवलं. सरांनी सांगितलं, माणसाच्या तयार तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, काहीच नाही. सगळं सामान बाहेर काढून तिने फक्त प्राणवायू वाहायला जागा केलेली असते. आत काहीच बनवायचं नाही, हे ऐकून शेठ फार खूश. "आ मॉडल बहु सारुं! अंदर कशुं नथी!" पुढे कित्येक दिवस ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी रक्तपेशीच दाखवायचे.

आणि एक शनिवार मला विसरता येत नाही. मी सरांना विचारलं होतं की गॉल्गी पिंडाला पिवळा द्यावा की नारिंगी, दोन पुस्तकांत दोन रंग आहेत. सर म्हणाले, "काहीही द्या. पेशीला रंग नसतो."

आम्हाला वाटलं थट्टा करतायत.

"खरंच सांगतो. आतलं जवळजवळ सगळं बिनरंगी, पाण्यासारखं. आम्ही दिसावं म्हणून रंग टाकतो आणि चित्रात सोयीसाठी भरतो. झाडाचं हरितलवक तेवढं खरोखरचं हिरवं."

मला ते लागलं. सगळी हयात ज्या जांभळ्यासाठी मी तांबडा-निळा घोटत आले तो जांभळा कुठे नाहीच? मंदा मात्र ब्रश थांबवून सरांकडे बघत राहिली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

कळला तो दसऱ्यानंतर.

दसऱ्याला आमच्याकडे शेडची पूजा असायची. साचे धुवायचे, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ, ब्रशांना कुंकू. त्या वर्षी मी उत्साहाने रंगांचं कपाट रिकामं करून पुसलं आणि बाटल्या नव्याने लावल्या, फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत. फार छान दिसत होतं. दोन दिवसांनी शेठ एक मॉडेल हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सुमनबेन, आ शुं छे? लाल पाननुं झाड?"

वनस्पतिपेशीचा अख्खा लॉट. हरितलवकं लाल, तंतुकणिका हिरव्या. रेघा मात्र तशाच, केसाएवढ्या, कुठेही थरथर नाही. रेघांवरूनच मला कळलं काम कोणाचं ते.

मी मंदाला कपाटाशी घेऊन गेले आणि एक बाटली पुढे धरली. "हा कोणता?"

तिने बाटली हातात घेऊन चाचपली. मग म्हणाली, "तू बाटल्या हलवल्या ना वं. माले रंग दिसत नही. जागा पाठ होत्या."

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चष्म्याने होणार नाही, ऑपरेशन नाही. आधी रंग जातील, मग समोरचं, मग बाकीचं. एवढे दिवस ती बाटल्यांच्या जागेवर आणि बोटांवर काम करत होती. कोरलेली कड बोटाने चाचपायची आणि तिच्या बाजूने ब्रश न्यायची. मला सांगितलं असतं तर मी बाटल्यांना हात लावला असता का? पण सांगितलं असतं तर मला शेठना सांगावं लागलं असतं, हेही तिला माहीत होतं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

शेठसमोर उभी राहिली तेव्हा मात्र ती ताठ होती. मराठीत म्हणाली, "शेठ, सरांनीच सांगितलंय, पेशीला रंग नसतो. मग मी चुकले कुठं?"

त्या दिवशी नेमके सर आलेले होते. ते हळूच म्हणाले, "मंदाताई, बाकी काहीही चाललं असतं हो. एकच गोष्ट खरोखर हिरवी होती, नेमकी तीच तुम्ही लाल केलीत."

ती हसली, मीही हसले, शेठसुद्धा हसले. पण हसून झाल्यावर शेठ खाली बघत म्हणाले, "हुं शुं करुं, बेन? दिवाळी सुधी रहो. पछी जोईए." दिवाळीपर्यंत राहा, मग बघू. आमच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या कोणालाही या 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. दिवाळीची सुटी लागते, लाभपाचमेला शेड पुन्हा उघडते, आणि ज्याला निरोप येत नाही तो समजून घेतो. मंदाला घासकामाच्या टेबलावर बसवलं. खिडकीजवळची जागा रिकामी राहिली. मी तिथे दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही, एवढंच माझ्या हातात होतं. शहाद्याला परत जायचं नाव काढलं की ती ओठ घट्ट मिटायची. इथलं काम गेलं तर दुसरं कोण देणार होतं तिला?

आता लॅकरची गोष्ट. पावसाळ्यात नाशिककडच्या एका अंध मुलींच्या शाळेने पेशीची काही मॉडेलं मागवली होती. हाताने 'पाहता' येतील अशी. आम्ही अगदी मनापासून केली. उठाव वाढवले, खाचा खोल केल्या, खडबडीत जालिकेवर रायबोझोम म्हणून दमणगंगेची वाळू रव्याच्या चाळणीने चाळून चिकटवली. आणि मग नेहमीप्रमाणे वर लॅकरचे हात मारले. एक नाही, चांगले जाड तीन हात. पोरींना दिसत नाही म्हणून माल कमी चकचकीत द्यायचा, हे आमच्या मनाला पटेना.

दिवाळी तोंडावर आलेली असताना त्या शाळेच्या वर्षाताई स्वतः शेडमध्ये आल्या. त्यांनाही दिसत नव्हतं. सोबतच्या बाईने मॉडेल टेबलावर ठेवलं.

"तुमची पेशी फार सुंदर आहे असं आमचे शिपाई म्हणतात," वर्षाताई म्हणाल्या. "मला ती ताटासारखी लागते."

शेठ गडबडले. "पण मॅडम, लॅकर तीन हाथ मारलाय!"

"तोच काढा. मुलींचा हात घसरून खाली येतो. केंद्रक कुठे संपतं, घड्या कुठे लागतात, काही कळत नाही. वाळू होती म्हणता, ती कुठाय?"

वाळू लॅकरखाली बुडालेली होती. हात सरकला पाहिजे, या एका वाक्यावर आम्ही आयुष्य काढलं होतं, आणि या बाईंना नेमका अडणारा हात हवा होता.

मंदा घासकामाच्या टेबलावरून उठून आली. कोणी बोलावलं नव्हतं. तिने वर्षाताईंच्या शेजारी उभं राहून मॉडेलावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "ताई, हे गोळे सगळे सारखेच केलेत आम्ही. डोळ्यांना रंगाने वेगळे वाटायचे. हाताला कसे वाटणार? लयकारिका खरखरीत पाहिजे, ती चावते. तंतुकणिका उघडी पाहिजे, आतल्या घड्या नखाला लागल्या पाहिजेत. केंद्रकाला भोकं पाहिजेत, नकला बाहेर कुठून जातील? आणि ही गुळगुळीत जालिका, हिला लॅकर राहू द्या. ही खरंच गुळगुळीत असते."

वर्षाताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला दिसत नाही?"

"थोडं दिसतं. रंग गेले."

"बरं झालं. म्हणजे मला सगळं समजावत बसावं लागणार नाही."

असं कोणी कोणाला 'बरं झालं' म्हणेल आणि ऐकणाऱ्याला ते गोड वाटेल, हे मी त्याच दिवशी पाहिलं. मंदाचा चेहरा उजळला होता.

त्यानंतर आमच्या शेडमध्ये उलटी गंगा वाहू लागली. थिनरने लॅकर उतरवलं. मंदा पुन्हा खिडकीजवळच्या टेबलावर बसली, उजेड तिला लागत नव्हता तरी. लयकारिकेवर तिने जाड पॉलिशपेपरचे तुकडे बसवले. केंद्रकाच्या पटलाला साचेखात्यातल्या माणसांकडून बारीक ड्रिल मारून घेतलं. गॉल्गी पिंडाच्या चकत्यांच्या कडा फुगीर केल्या आणि तिथून सुटणारे छोटे गोळे दोऱ्यांवर डोलते ठेवले. पेशीपटलाच्या कडेला शिवणीसारखी दुहेरी ओळ काढली. दमणगंगेची वाळू पुन्हा चाळली गेली. प्रत्येक भाग झाला की ती आम्हाला एकेकीला बोलवायची, डोळे मिटायला लावायची, बोट धरून त्या जागेवर ठेवायची आणि विचारायची, "लागस का?" लागतंय का? उत्तर यायला उशीर झाला की तो भाग परत. हसमुखभाईंच्या तळहातापेक्षा तिचं हे 'लागस का' कडक होतं.

सरांनी डोळे मिटून बराच वेळ हात फिरवला. "तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "पेशीच्या आत उजेडही नसतो. हे सगळे एकमेकांना बघत नाहीत. एक दुसऱ्याला टेकतो, आकार जुळला की धरतो, नाही जुळला की सोडतो. सगळा कारभार अंधारात, चाचपत. आयुष्यभर मी मुलांना रंगीत चित्रं दाखवली. खऱ्याच्या जवळची पेशी आज पहिल्यांदा हाताला लागली."

शेवटी शेठ. सुटी लागायच्या आदल्या दिवशी सगळी शेड भोवती उभी आणि मधे शेठ डोळे मिटून. मंदाने त्यांचं बोट धरलं.

"लागस का, शेठ?"

शेठनी बोट पुढे-मागे केलं. फुगीर कडा, डोलते गोळे. कपाळाला आठ्या पडल्या, मग तोंड उघडलं. "अरे! आ तो आपणुं डिस्पॅच!"

टाळ्या वाजल्या. शेठनी डोळे उघडले, मिठाईचा डबा मंदाच्या हातात दिला आणि निघताना दारातून वळून म्हणाले, "लाभपांचमे आवी जजो, मंदाबेन." लाभपाचमेला कामावर या.

मंदा दाराकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की ती रडतेय.

पुढे वर्षानुवर्षं ती 'हाताची पेशी' मंदाने केली. वर्षाताईंच्या शाळेने मागवली, मग त्यांच्या ओळखीच्या शाळांनी. तिची नजर हळूहळू पूर्ण गेली, पण जागा गेली नाही. मुलं शिकली. सर पुण्याला परत गेले आणि तिथेच गेले. त्यांच्या जाण्याची बातमी आली त्या शनिवारी आम्ही त्यांचा चहा करून स्टुलावर ठेवला होता.

आणि मग एक एक ऑर्डर कमी होत गेली. आता मुलं मोबाइलवर पेशी फिरवून बघतात. बोटाने मोठी करतात, आत शिरतात, तंतुकणिका चमकते, गॉल्गीतून गोळे उडतात. दिसतं फार छान, खोटं कशाला बोलू? पण काचेवर बोट नुसतं सरकतं. हसमुखभाईंना आवडलं असतं. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी शेड विकली. साचे फोडून भंगारात गेले. लयकारिकेचं काम, मी मनात म्हटलं, पण हसू आलं नाही. त्या गर्दीत मंदाच्या हातची एक पेशी मी उचलून घरी आणली.

ती माझ्या कपाटावर होती. पण खडबडीत जालिकेची वाळू सुटायला लागली होती, म्हणून या दिवाळीआधी मी ठरवलं की नीट करून मंदाला द्यायची. ती आता दादऱ्याला मुलाकडे असते. मी पेशी पुसली, डागडुजी केली आणि टिकावी म्हणून वरून लॅकरचा एक पातळ, सुंदर हात मारला. एकच. उन्हात धरली तर कशी दिसत होती म्हणून सांगू! कापडात गुंडाळून चकलीच्या डब्यासोबत घेऊन गेले.

मंदाने मांडी घालून ती मांडीवर घेतली. बोटं फिरू लागली. केंद्रकाची भोकं मोजल्यासारखी चाचपली. 'माहेर'मध्ये नख घालून हसली. गुळगुळीत जालिकेवरून हात नेला, मान डोलावली. मग हात खडबडीत जालिकेवर सरकला आणि तिथेच थांबला.

"आठे लॅकर कोनी मारं वं?"

मी फराळाचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"सुमन."

"अगं, वाळू सुटत होती. टिकावी म्हणून..."

"टिकाडीसन काय करस? कपाटवर ठेवस?" तिने आत हाक मारली. "सूनबाई, तुमचं ते नखांचा रंग काढायचं पाणी आणा आणि थोडा कापूस."

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. फराळाचं ताट बाजूला सारलं. तिने कापूस भिजवला आणि हळूहळू, जालिकेच्या एकेका घडीवरून माझं प्रेमाने मारलेलं लॅकर उतरवायला लागली. खोलीभर जुन्या शेडचा वास पसरला. तो वास नाकात गेला आणि मला सगळं एकदम आठवलं. स्टुलावरचा चहा, झेंडूच्या माळा, शेठचा तळहात. डोळे भरून आले, समोरचं काही धड दिसेना.

मंदाने माझं बोट चाचपत शोधलं, धरलं आणि घडीवर टेकवलं. दमणगंगेची वाळू.

"लागस का?"

"लागस," मी म्हटलं.